डॉक्टरांच्या रेड्यासाठी जॅक

सावळीराम डॉक्टर मोटारसायकल विकणार, हे भागूला वडिलांकडून कळलं नाही. नाशिक रोडला गाडीतून उतरून ती पंचवटीकडे निघाली, तेव्हा केरू टांगेवाल्याने वाटेत सांगितलं.

"रेडा चालला म्हणं ओझरला," तो म्हणाला. "धोंडीराम ठेकेदार न्यायला येनार हाये रविवारी. तुमाला ठाऊक आसंलच."

भागूला ठाऊक नव्हतं. तरी ती "हं" म्हणाली.

सावळीराम डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी या बाजूला गाय अडली, बैलाच्या खुरात किडे पडले, म्हशीचं पोट फुगलं की लोक त्यांना बोलावणं धाडत. देवळालीच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली मोटारसायकल विकून गेला, ती डॉक्टरांनी घेतली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. काळीकुट्ट, दोन सिलिंडरची, रुंद छातीची. ती हुंकार देत गावात शिरली की दावणीची गुरं कान टवकारत आणि पोरं ओरडत, "डॉक्टरचा रेडा आला." तेच नाव पडलं. पेन्शन लागली तरी बोलावणी थांबली नाहीत आणि रेड्याचं फिरणंही थांबलं नाही. ते थांबलं संक्रांतीनंतर, भागूची आई चतुराबाई आठ दिवसांच्या तापात गेली तेव्हा. आता फाल्गुन लागला होता.

भागूचं पूर्ण नाव चंद्रभागा. निफाडला तिचे यजमान कचेरीत कारकून होते आणि ती मुलींच्या शाळेत मास्तरीण. चार दिवसांची रजा काढून ती आली होती. सोमवारी तिला परतायचं होतं.

वडिलांना ती दादा म्हणे. दादा पुढच्या खोलीत बाजेवर बसले होते. दाढी केलेली होती, धोतर स्वच्छ होतं, पितळी तांब्या घासलेला होता. वडिलांनी घर टापटीप ठेवलं होतं, म्हणून तर तिला अधिकच भीती वाटली. परक्याच्या घरी उतरलेला पाहुणा जसा कुठे डाग पडू देत नाही, तसं ते घर होतं. एक गोष्ट तेवढी बदललेली दिसली. बाजेचं तोंड फिरवलेलं होतं. पूर्वी दादा बसले की त्यांना पडवी दिसायची आणि पडवीतली गाडी दिसायची. आता दोन्हींकडे त्यांची पाठ होती.

"दादा, गाडी देताय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"केरू."

"म्हणजे त्याच्या घोड्यालाही ठाऊक असणार."

"का देताय?"

"उचलायची कोणी?" दादा म्हणाले. "साफ करायची म्हणजे पुढचं चाक वर घ्यावं लागतं. माझी कंबर आता राहिली नाही. न पुसलेलं जनावर दावणीला बांधून ठेवू नये. ज्याला जमेल त्याला द्यावं."

संध्याकाळी दिंडोरीकडून एक माणूस म्हशीसाठी बोलवायला आला, तेव्हा त्यांनी त्याला दारातूनच दुसऱ्या डॉक्टराचा पत्ता दिला. माणूस पायरीवर थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला. भागूने स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं. गाडी गेली की हे घरातून उठायचेच नाहीत, हे तिला तेव्हा लख्ख कळलं.

मास्तरीणच ती. अडचण नेमकी कळली की निम्मं गणित सुटलं, असं ती मुलींना नेहमी सांगे. इथे अडचण दादांनीच सांगितली होती: उचलायची कोणी. पूर्वी कशी उचलत, ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं. मागचं चाक गाडीच्या स्टँडवर चढवायचं. मग दादा पुढून दोन्ही हातांनी गाडी उचलून धरायचे आणि म्हणायचे, "लाव." आई बाभळीचा ठोकळा पायाने इंजिनाखाली सरकवायची आणि म्हणायची, "लागला." दर रविवारचं हे काम. दादांना उचलवत नसेल तर उचलणारं यंत्र आणावं. मोटारीखाली लावतात तसला जॅक.

शुक्रवारी सकाळी तिने आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला आणि पडवीत गेली. गाडी धुळीने राखाडी झाली होती. भागू फरशीवर गुडघे टेकून वाकली. दोऱ्याचं एक टोक जमिनीला लावलं, दुसरं इंजिनाच्या पोटाशी नेलं आणि तिथे गाठ मारली. परकराचं माप घ्यावं तसं तिने माप घेतलं.

अन्सार मिस्त्रींचा कारखाना पूल ओलांडून भद्रकालीच्या अंगाला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, पुढे लिंबाचं झाड आणि झाडाखाली पोट उघडं टाकून पडलेली एक लॉरी. अन्सारचाचांची आणि दादांची ओळख रेड्यापासूनची. तो आजारी पडला की इथेच यायचा.

"जॅक?" अन्सारचाचा म्हणाले. "तू कधीपासून मोटार हाकायला लागलीस, बेटी?"

"दादांच्या गाडीसाठी हवाय."

"रेड्यासाठी." त्यांनी हात पुसले. "मी मयतीला आलो होतो. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. राग नाही माझा. त्या दिवशी कोण कोणाला बघतं. पण त्यानंतरही आले नाहीत. असो. ये, बघ. जुम्म्याच्या नमाजाची वेळ व्हायच्या आत निवड, म्हणजे झालं."

त्यांनी एकेक जॅक जमिनीवर मांडला. पहिला लोणच्याच्या बरणीसारखा, खाली रुंद, वर निमुळता. दांडी फिरवली की मधला आटा वर यायचा. आट्याचं डोकं तेवढं सुपारीएवढं होतं.

"हा तर छान आहे," भागू म्हणाली. "मलासुद्धा नेता येईल."

"मोटारीला छान आहे. मोटारीला चार पाय असतात. एक उचलला तरी उभं राहायला तीन उरतात. तुमच्या रेड्याला दोनच. त्याला सुपारीवर उचललास तर तो लोळण घेणार. शेवटी रेडाच तो."

दुसरा आगगाडीच्या रुळांवर वापरायचा. वर डोकं नव्हतं. पायाशी लोखंडी पंजा होता आणि तो पंजाच जमिनीपासून ओझं उचलत वर चढायचा.

"हा मजबूत," चाचा म्हणाले. "पण हा घरी न्यायला आणखी एक जॅक लागेल."

भागू हसली. दोन महिन्यांत ती अशी हसली नव्हती, हे हसल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि तिने घाईने पुढचं विचारलं.

तिसरी जोडी होती. रुळांवरच्या जॅकचीच दोन लहान भावंडं, प्रत्येकाच्या पायाशी हातभर सागाची फळी पेलेल एवढा पंजा. "फळी गाडीखालून आरपार सरकवायची, एक टोक या पंजावर, दुसरं त्या पंजावर. दोन्ही बाजूंनी बरोबरीने दांड्या फिरवायच्या. माझ्या मते रेड्याला हेच चांगलं. पोटाखाली हात घालून उचलल्यासारखं."

"एकट्या माणसाला जमतं?"

"एकट्याला नाही. एक बाजू वर गेली आणि दुसरी राहिली की गाडी कलंडली. समोर दुसरं माणूस पाहिजेच."

"मग नको," भागू म्हणाली. "ते घरी एकटे असतात."

अन्सारचाचांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चौथा जॅक पुढे ओढला. त्यांनी स्वतःच जुळवलेला होता. खाली चौरंगासारखी बैठक, वर पाटासारखी लोखंडी पट्टी, बाजूला एकच दांडी. बसून एका हाताने फिरवता येईल असा. फक्त तो मुळातच जरा उंच होता.

भागूने दोरा काढून गाठ लावून पाहिली. जॅक गाठीच्या खाली अर्ध्या बोटाने बसत होता.

"गाठीने माप आणलंस," चाचा म्हणाले. "चांगलं केलंस. लोक इथे हात पसरून दाखवतात आणि मग मला शिव्या देतात."

दुपारी केरूने जॅक पडवीत आणून ठेवला. दादा बाजेवरून उठले नाहीत. त्यांनी विचारलंही नाही. भागूने पदर खोचला, जॅक गाडीशी ओढत नेला आणि आत सरकवायला गेली. तो आत जाईना. जिथे लावायचा तिथे ठोकळा होता, तोच बाभळीचा. आधी तो काढावा म्हणून तिने हातोडी शोधली आणि वाकली.

"हात लावू नकोस."

दादा दारात उभे होते. आवाज चढलेला नव्हता, पण भागूच्या हातातली हातोडी आपोआप खाली गेली.

"ठोकळा काढलास की गाडी खाली बसेल," ते म्हणाले. "मग हा तुझा जॅक तिच्याखाली जायचा नाही. ठोकळ्यावर असताना माप घेतलंस. ते गाडीचं माप नाही. ठोकळ्याचं आहे."

भागूने गाठीच्या दोऱ्याकडे पाहिलं. खरं होतं. गणिताची मास्तरीण आणि एवढं सुचलं नाही.

"मला विचारायचंस तरी."

"तुम्ही बोलत होता कुठे?"

दादा पडवीच्या उंबऱ्यावर बसले. गाडीकडे तोंड करून ते बसल्याचं तिने आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणाले, "त्या रविवारी मी पुढून उचलली. तिने ठोकळा सरकवला. 'लागला' म्हणाली. मी म्हटलं, वाकडा लागलाय. तर म्हणाली, लागला ना, मग झालं. तुम्ही चाक पुसायला घ्या, मी जरा पडते." त्यांनी पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं. "मी चाक पुसलं नाही. मागोमाग आत गेलो. हात लावला तर अंग तव्यासारखं."

भागू फरशीवरच बसली. निफाडला तार पोचून ती येईपर्यंत आईची शुद्ध गेली होती. आईशी शेवटचं बोलणं म्हणून तिच्यापाशी काहीच नव्हतं. आणि इथे आईचं हे शेवटचं काम दोन महिने तसंच उभं होतं. तिने वाकून पाहिलं. ठोकळा खरंच थोडा वाकडा होता. अकरा वर्षं टाचेने ढकलून त्याची एक कड गुळगुळीत झाली होती.

"कंबर दुखते हे खोटं नाही," दादा म्हणाले. "पण ती दहा वर्षं दुखतेय. ती गाडी मला खाली घ्यायची नाही, भागू. ठोकळ्याला लाथ मारायची आणि गाडी धप्पकन बसवायची, ते माझ्या पायाने व्हायचं नाही. धोंडीराम येईल, तो मारील. मी तेवढा वेळ रामकुंडावर जाऊन बसणार होतो."

भागूला पुष्कळ बोलावंसं वाटलं. पुस्तकांत अशा वेळी माणसं काय बोलतात, तेही तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "आत्ता मी पुढून उचलू का? तुम्ही ठोकळा काढा."

"नको."

"मग तुम्ही उचला. मी..."

"नको," दादा म्हणाले. "तिथे तू नको."

ते तिला टोचलं, पण समजलंही. पलीकडच्या गल्लीत भाजीवाली मेथी ओरडत गेली. मग भागू हळूहळू, फळ्यावरचं गणित पुन्हा पहिल्यापासून वाचावं तशी म्हणाली, "म्हणजे गाडी खाली घ्यायची नाही. ती आहे तिथून वर गेली पाहिजे. ठोकळ्याला धक्का न लावता."

दादांनी मान वर केली.

"केसभर गेली तरी पुरे," ते म्हणाले. "ओझं उतरलं की तो आपोआप मोकळा होईल. ओढायचा नाही, ठोकायचा नाही. वासरू अडलं की आपण ओढत नाही. कळ येईपर्यंत हात नुसता धरून ठेवायचा असतो." बोलता बोलता त्यांचा उजवा हात हवेत तसा धरला गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. "कुठून आणलास हा?"

"अन्सारचाचांकडून."

"त्याला अक्कल नाही. रेड्याखाली चौरंग देतो, म्हणजे काय सत्यनारायण घालायचाय?"

शनिवारी दादांनी कोट घातला. संक्रांतीनंतर पहिल्यांदा. टांग्यात चौरंगी जॅक पायाशी ठेवून दोघं पूल ओलांडून गेली, आणि केरू वाटभर एक अक्षर बोलला नाही, हे त्याच्या दृष्टीने मोठंच कौतुक होतं.

अन्सारचाचा लॉरीखालून बाहेर आले, डॉक्टरांना पाहिलं आणि आधी हात धुवायला गेले. मग म्हणाले, "या. माल परत आणलात ना? मला वाटलंच होतं."

"तू माप विचारलंस, पण गाडी कशावर उभी आहे ते विचारलं नाहीस."

"कशावर उभी आहे?"

"ठोकळ्यावर."

"मग काढा की ठोकळा. त्यात काय एवढं?"

दादा शेडच्या पत्र्याकडे बघू लागले. भागूच म्हणाली, "तो काढायचा नाही, चाचा. आईने लावलेला आहे. तो सुटायला हवा."

अन्सारचाचांनी दाढीवरून हात फिरवला. आत जाऊन त्यांनी ती जोडी आणली आणि सागाची फळीही आणली. दादा वाकले आणि आटे तपासू लागले. दोन्ही दांड्या फिरवून पाहिल्या, एका पंजाला नखाने खरवडलं.

"हा डावा जरा जड जातो."

"तेल द्या. माणूससुद्धा दोन महिने बसला की जड जातो."

"आणि फळी एवढीच?"

"रेड्याचं पोट एवढंच आहे, डॉक्टरसाहेब. तुमच्याहून कमी."

भागूने दुसरीकडे पाहिलं. दादांच्या मिशा हलल्याचं तिला दिसू नये, अशी त्यांची इच्छा असावी.

"पण याला दोघं लागतात," दादा म्हणाले. "उद्या ही आहे. सोमवारी ही निफाडला जाईल."

"जुम्म्याची नमाज झाली की मी मोकळा असतो. दुकान बंद. आमची खातूनबी म्हणते, घरात बसून माझं डोकं खाऊ नका. मी येत जाईन."

"तुला माझीच गाडी सापडली?"

"मला रेड्याची हौस आहे," चाचा म्हणाले. "आणि दर महिन्याला एक रविवार ही येईल. निफाड काय काशीला आहे?"

"येईन," भागू म्हणाली. घरी विचारायच्या आधीच तिने कबूल करून टाकलं.

रविवारी सकाळी दादांनी हँडलला दोर बांधून तो पडवीच्या आढ्याला घेतला, म्हणजे गाडी कलली तर धरायला आधार. फळी ठोकळ्याच्या मागून, त्याला न शिवता, आरपार सरकवली. दोन्ही बाजूंना जॅक लावले. गाडीच्या बैठकीवर त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली.

"पाणी ज्या बाजूला सांडेल ती बाजू खाली," ते म्हणाले. "एका वेळी पाव फेरा. मी हं म्हटलं की."

दोघं समोरासमोर बसली. मधे गाडी असल्यामुळे एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. भागूला दादांचे नुसते गुडघे दिसत होते आणि दांडीवरचा हात.

"हं."

पाव फेरा.

"हं."

आटे कुरकुरले. फळी वाकली, मग ताठ झाली. पाचव्या की सहाव्या वेळी पायरीवर वहाणा वाजल्या. धोंडीराम ठेकेदार आला होता. डोक्याला फेटा, सोबत गाडी ढकलायला दोन गडी.

"रामराम, डॉक्टर. न्यायला आलो."

"बसा," दादा वर न बघता म्हणाले. "ती वर चाललीय. मधे थांबवता येत नाही."

"वर म्हणजे?"

"हं," दादा म्हणाले, ते भागूला होतं. पाव फेरा झाला. "भागूने चहा केला असता, पण तिला सोडता येत नाही. माठ तिकडे आहे, पाणी घ्या."

पडवीत बाप-लेक फरशीवर बसून लोखंडाच्या दांड्या मुंगीच्या पावलाने फिरवताहेत आणि बैठकीवर पाण्याची वाटी ठेवली आहे, हे ठेकेदाराने नीट पाहून घेतलं.

"मग खाली कधी येनार?"

"आज साफ होईल. मग येईल. पण धोंडीराम, तुम्हाला मी ती देत नाही. कालच निरोप धाडायला हवा होता. माझी चूक झाली. तुम्हाला ओझरहून फेरा पडला."

"फेऱ्याचं काय नाय," ठेकेदार म्हणाला. माठातलं पाणी प्याला, गड्यांनाही दिलं. जाताना पायरीवरून वळून म्हणाला, "माज्या म्हशीचा आचळ सुजलाय, डॉक्टर. लय दिस झाले. तुमी येत नाय म्हनून..."

"मंगळवारी येतो," दादा म्हणाले. "तोवर कोमट पाण्याने शेका. हं."

पाव फेरा.

काहीच आवाज झाला नाही. दादांनी दांडी सोडली, हात पुढे नेला आणि दोन बोटांनी ठोकळ्याला स्पर्श केला. तो जागचा हलला. त्यांनी तो सावकाश, दोन्ही हातांनी बाहेर घेतला. त्याच्या खालचा फरशीचा चौकोन तेवढा स्वच्छ होता. त्यांनी उपरण्याने ठोकळ्याची धूळ पुसली. गुळगुळीत कडेवर अंगठा जरा जास्त वेळ फिरला. मग गाडीखालून त्यांनी तो भागूकडे सरकवला.

"आत नेऊन ठेव. चुलीपासून लांब."

"कुठे ठेवू?"

"तुला बरं वाटेल तिथे."

भागूने तो मांडीशी घेतला. उठली मात्र नाही. तिने दांडी पुन्हा हातात धरली.

"अजून चार बोटं घेऊ," पलीकडून दादांचा आवाज आला. "चाक मोकळं फिरलं पाहिजे. हं."

तिने पाव फेरा दिला. बैठकीवरच्या वाटीतून पाण्याचा एक थेंब दादांच्या बाजूला ओघळला.

"थांब जरा, भागू. माझी बाजू मागे राहिली."

"थांबलेय," ती म्हणाली. "तुमचं होऊ द्या सावकाश."

पलीकडे जड दांडी कुरकुरत, अडखळत फिरू लागली. ती ऐकत बसून राहिली.